काय पाहाल, काय कराल

अमेरिकेत मुलगा नोकरीला लागला की गावाकडच्या आईबापांची स्थळं ठरून जातात. पहिल्या खेपेला नायगारा. दुसऱ्या खेपेला नातवाचं न्हाऊमाखू, त्यात स्थळं बघायची नसतातच. तिसऱ्या खेपेला मुलाच्या ध्यानात येतं की आईबाबा एवढ्या लांब येऊन घरात बसून मराठी मालिकाच बघताहेत. मग तो एका रात्री कॅरिबियन क्रूझचं बुकिंग करून टाकतो. यात आईबापांचं मत कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर आईनं मथुरा-वृंदावन सांगितलं असतं आणि बापानं ‘पैसे किती लागतील?’ एवढंच विचारलं असतं.

आमच्या शिरड शहापूरच्या एका निवृत्त गुरुजींना आणि काकूंना ही क्रूझ करोनाच्या आधी घडली. तेव्हापासून कॅरिबियन बेटांबद्दल बोलण्याचा गावातला मक्ता त्यांच्याकडं आहे. शिरड शहापूर म्हणजे औंढा नागनाथ ते वसमत रस्त्यावरचं गाव. कुणी विचारलंच तर मल्लिनाथ भगवानांच्या जैन मंदिराचं. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरवर. त्यामुळं गुरुजी समुद्राबद्दल काहीही बोलले तरी त्यांना खोडून काढणारा माणूस पंचक्रोशीत मिळत नाही.

गुरुजी शाळेत भूगोल शिकवायचे, पण वेस्ट इंडीजचा त्यांचा भूगोल क्रिकेटमधून आलेला. ब्रिजटाऊन, किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाऊन ही नावं त्यांना औंढा, वसमत, जिंतूर, कळमनुरी यांच्याइतकी पाठ. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघानं तिथं मालिका जिंकली, गावसकरनं पहिल्याच दौऱ्यात ७७४ धावा ठोकल्या आणि दिलीप सरदेसाईंनी द्विशतक काढलं, तेव्हापासून गुरुजींच्या मते कॅरिबियन म्हणजे पाच कसोट्या आणि मधल्या जागेत थोडं पाणी.

प्रत्यक्षात पाणीच फार निघालं.

मराठवाड्यातला माणूस पाण्याकडं बघतो तेव्हा त्याला आधी टक्केवारी दिसते. येलदरी किती टक्के, सिद्धेश्वर किती टक्के, इसापूर किती टक्के. सौंदर्य वगैरे नंतर, रब्बीचं आवर्तन मिळालं तर. मायामीहून जहाज सुटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारी बाजूंनी नुसतं निळं. लोक फोटो काढत होते, हातात हात घालून उसासे सोडत होते. गुरुजी कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “शंभर टक्के भरलंय.”

काकू म्हणाल्या, “मंग सोडत कामून नाहीत?”

त्याहून मोठा धक्का जहाजाच्या पोटात होता. हजारो माणसांना आंघोळीला, प्यायला, धुण्याला लागणारं बरंचसं पाणी जहाज समुद्रातूनच उपसून गोडं करून घेतं, हे कळल्यावर गुरुजींना रात्री झोप लागली नाही. समुद्रावर जहाज, जहाजाच्या माथ्यावर पोहायचं तळं, तळ्यात माणसं आणि माणसांच्या हातात पाणी सोडून बाकी सगळं असलेले ग्लास. गावात मे महिन्यात टँकर आला की हंडे घेऊन पळणाऱ्या माणसानं हे दृश्य नेमकं कोणत्या भावनेनं बघावं, हे पर्यटनाच्या पुस्तकात छापलेलं नसतं.

जेवणाचं म्हणाल तर जहाजावर ‘जेवणाची वेळ’ ही भानगडच नव्हती. कधीही जा, पंगत बसलेलीच. गुरुजी माळकरी. नामदेवांची नर्सी आमच्याच जिल्ह्यात, माळ घातलेली माणसं घरोघरी. ते प्रत्येक भांड्यापुढं उभं राहून ‘यात काय आहे?’ विचारायचे, आणि वाढणारा फिलिपिन्सचा पोरगा दर वेळी हसून एवढं मोठं वर्णन करायचा, की शेवटी गुरुजी पाव आणि कलिंगड घेऊन परतायचे. काकूंनी सुटकेसमध्ये शेंगदाण्याची चटणी नेली होती. पास्ता नावाच्या पदार्थाला चव कशानं येते याचा शोध त्या जहाजावर त्यांनी एकटीनं लावला.

खोली आवरणारा माणूस रोज रात्री टॉवेलची घडी घालून पलंगावर एक जनावर करून ठेवायचा. पहिल्या रात्री हंस, दुसऱ्या रात्री हत्ती. दुसऱ्या दिवशी नेमकी संकष्टी. काकूंनी हत्ती मोडू दिला नाही. गुरुजी सहलभर आपल्या पंचानंच अंग पुसत राहिले आणि टॉवेलांची फौज टेबलावर वाढत गेली.

आता मुख्य गोष्ट. जहाजावर प्रत्येक प्रवाशाला एक पुस्तिका मिळते: पुढच्या बंदरावर उतरून काय पाहाल, काय कराल. तीत एकेक सहल, तिची वेळ, सोबत काय आणावं, किती डॉलर, आणि शेजारी चालणाऱ्या माणसांची बारकी चित्रं. एक माणूस असेल तर सहल सोपी, दोन असतील तर मध्यम, तीन असतील तर गुडघेदुखीवाल्यांनी नाद सोडावा. गुरुजी या पुस्तिकेच्या प्रेमात पडले. आयुष्यभर त्यांनी शाळेच्या सहली काढल्या. वेरूळ, दौलताबाद, पैठण. पण पोरांना चढ किती लागेल हे चित्रात सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

पहिलं बंदर जमैकातलं ओचो रिओस. तिथला डन्स रिव्हर धबधबा प्रसिद्ध आहे. पायऱ्यापायऱ्यांनी सुमारे १८० मीटर लांबीत उतरत थेट समुद्रात पडणारा. आपल्याकडं धबधबा बघायचा असतो, फार तर खाली उभं राहून भिजायचं असतं. तिथं तो खालून वर चढायचा असतो. पन्नास-साठ अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि वाहत्या पाण्यातून खडकांवर पाय देत वर सरकतात. काकूंचा एक हात एका धिप्पाड जर्मन बाईच्या हातात आणि दुसरा गुरुजींच्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी चारचौघांत गुरुजींनी हात धरायची ही पहिलीच वेळ, आणि तीही गाइडनं दटावल्यावर. वर पोचल्यावर जर्मन बाईनं हात सोडला. गुरुजींनी सोडला नाही, असं काकू सांगतात. गुरुजी म्हणतात, खडक निसरडा होता.

वरून दिसणाऱ्या डोंगरांकडं बोट करून गुरुजींनी सगळ्या साखळीला सांगितलं, की या डोंगरांपलीकडं किंग्स्टन, तिथं सबाईना पार्क, आणि तिथं १९७६ साली होल्डिंगच्या चेंडूनं अंशुमन गायकवाडांचा कान फोडला. जर्मन बाईला वाटलं, हा इथला काहीतरी अपघात सांगतोय. ती खडकावर आणखी घट्ट बसली.

जमैकातली आणखी एक गोष्ट गुरुजींना मनापासून आवडली. १८४५ सालच्या मे महिन्यात ‘ब्लंडेल हंटर’ नावाच्या जहाजातून हिंदुस्थानी मजुरांची पहिली खेप तिथं उतरली, उसाच्या मळ्यांवर काम करायला. त्यांच्याबरोबर मसाला गेला, आणि आज जमैकात कुठलाही मोठा सण असला की बोकडाच्या मटणाचा पिवळाजर्द रस्सा लागतोच. गाइड रमच्या भट्टीची गोष्ट रंगवून सांगत होता, उसापासून मळी, मळीपासून रम, इतक्या वर्षांची जुनी पिंपं. गुरुजींनी हात वर करून विचारलं, “उसाला टनाला काय भाव देता?” गाइड थांबला. त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. गुरुजींनी पुढचा विचारला, “आणि तोडणी-वाहतूक कुणाच्या माथ्यावर?” मग गाइडनं सगळ्यांना रमची चव घ्यायला बोलावलं. आमच्याकडं कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत अवघड प्रश्न आला की चहा येतो. पद्धत तीच.

पुढचं बंदर जॉर्ज टाऊन. इथं गुरुजी सकाळी लवकर तयार होऊन बसले होते. १९७१ साली गावसकरनं आपलं पहिलं कसोटी शतक, ११६ धावा, जॉर्जटाऊनला बोर्डा मैदानावर काढलं, आणि त्या मैदानाची माती कपाळाला लावल्याशिवाय जहाजावर परतायचं नाही असा त्यांचा निश्चय. जहाज किनाऱ्याला लागतच नाही. छोट्या होड्यांतून उतरवतात. गुरुजी पहिल्या होडीत. उतरल्या उतरल्या त्यांनी टॅक्सीवाल्याला बोर्डा विचारलं. टॅक्सीवाल्यानं शांतपणे समजावलं, की तुमचं जॉर्जटाऊन गयानाचं, ते दक्षिण अमेरिकेत. हे जॉर्ज टाऊन ग्रँड केमन बेटाचं. मध्ये सगळा कॅरिबियन समुद्र.

जो माणूस उभं आयुष्य लोकांना ‘शिरडी नव्हे हो, शिरड’ असं समजावत आला, त्याच्याच बाबतीत हे व्हावं! आमच्या गावात अधूनमधून एखादी गाडी येते, काच खाली होते आणि ‘समाधी मंदिर कुठे?’ विचारतात. शिरडी तिथून तीनशेहून जास्त किलोमीटर. दुसरी जमात शहापूर ऐकून आमचं गाव ठाणे जिल्ह्यात नेऊन ठेवणारी. गुरुजी त्यांना कोलंबस म्हणतात. कोलंबस तरी काय, आमच्याकडंच निघाला होता, मसाल्यांच्या देशाला. १४९२ साली भलत्याच बेटांवर जाऊन उतरला आणि त्यांनाच ‘इंडीज’ म्हणून मोकळा झाला. केमन बेटं तर त्याला १५०३ मध्ये शेवटच्या सफरीत वाऱ्यानं भरकटून दिसली. म्हणजे त्या भागात चुकून पोचण्याची परंपरा जुनी आहे आणि गुरुजींनी ती पुढं चालवली, एवढंच.

चुकून पोचले खरे, पण ग्रँड केमन हे बेट मराठवाड्याच्या माणसासाठीच बनवलंय. एकतर तिथं नदी नाही. एकसुद्धा नाही. ओढासुद्धा नाही. आणि तरीही नळाला पाणी! समुद्राचं खारं पाणी गाळून गोडं करतात आणि बेटभर पुरवतात. गुरुजींनी हॉटेलच्या अंगणात गवताला फवारे मारताना पाहिले आणि मुलाला म्हणाले, “बाबा, हे बंद करायला सांग, मला बघवत नाही.” दुसरं म्हणजे तिथं प्राप्तिकर नाही, त्यामुळं बेटावर माणसांपेक्षा कंपन्यांची नोंदणी जास्त. आमच्याकडं पतसंस्था बुडायला पाऊस लागत नाही. तिकडं चारी बाजूंनी समुद्र असून पैसा तरंगतो, हे गुरुजींचं निरीक्षण. तिसरं, ‘सेव्हन माइल बीच’. पांढरी वाळू, अप्रतिम किनारा, पण मोजला तर सात मैल भरत नाही. इथं मात्र गुरुजींना अगदी घरी आल्यागत वाटलं. कागदावर सात आणि जागेवर कमी, म्हणजे हे काम कुण्या गुत्तेदाराचंच.

त्या बेटाची खरी करमणूक भर समुद्रात आहे. वाळूच्या उथळ पट्ट्यावर होडी थांबते, कमरेइतक्या पाण्यात माणसं उतरतात आणि गोधडीएवढे चपटे, शेपटीवाले मासे पायांशी घिरट्या घालतात. पाकट म्हणतात ते आपल्या कोकणात. इंग्रजीत स्टिंग रे. गाइड एकेकाच्या हातात मासा उचलून देतो आणि त्याचा मुका घ्यायला लावतो. मुका घेतला की सात वर्षं भाग्य फळफळतं, अशी तिथली समजूत. रांग लागते. काकूंची पाळी आली.

“सातच वर्षं?” काकूंनी मुलाकडून विचारून घेतलं.

“सात.”

“साडेसाती साडेसात वर्षांची असते म्हणावं. वरच्या सहा महिन्यांचं काय?”

मुलानं याचं इंग्रजी केलं नाही. काकूंनी माशाला लांबूनच हात जोडले.

नंतर ते नरकात गेले. हे मी वाईट अर्थानं म्हणत नाही. त्या बेटावर ‘हेल’ याच नावाचं एक ठिकाण आहे. काळ्याकभिन्न, करवतीसारख्या धारदार चुनखडकांचं अर्ध्या-एक एकराचं मैदान. बघायला एवढंच. सिद्धेश्वरच्या वाटेला याहून चांगले दगड पडलेत, असं काकूंचं मत. पण बेटवाल्यांची अक्कल बघा: दगडांभोवती त्यांनी लाकडी फळ्यांची वाट बांधली, दुकान काढलं आणि पोस्ट ऑफिस उघडलं. लोक रांगेत उभे राहून घरच्यांना नरकाचा शिक्का असलेलं कार्ड पाठवतात. गुरुजींनीही गावाकडच्या थोरल्या भावाला पाठवलं: ‘इकडं सर्व कुशल आहे. तिकडील कळवावे.’

कार्ड गुरुजींच्या मागून कितीतरी आठवड्यांनी आलं. पोस्टमननं ते आधी तालमीसमोर वाचलं, मग हॉटेलात वाचलं, मग ज्याचं होतं त्याला दिलं. ‘नरकात पोस्ट आहे आणि आपल्या वाडीला अजून शाखा नाही,’ यावर गावात बरीच चर्चा झाली.

तिसरं बंदर मेक्सिकोचं कोझुमेल. तिथं गुरुजींचं पोट बिघडलं आणि त्यांनी ते खोलीच्या गॅलरीतून पाहिलं. छान दिसलं म्हणतात.

परत आल्यावर गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरला. ग्रँड केमन आणि शिरड शहापूर जवळपास एकाच अक्षांशावर, एकोणिसाच्या थोडं पुढं. म्हणजे तिकडं जे ऊन अंगावर घ्यायला अमेरिकेतली माणसं अर्ध्या कपड्यांत पैसे मोजून पडतात, तेच ऊन आमच्याकडं ‘टोपी घाल रे मुडद्या’ म्हणत आया पोरांच्या डोक्यावरून हाकलतात. या एका शोधानं गुरुजी पेटले. ऊन तेच, ऊसही आहे, दगड आहेत, फक्त पुस्तिका नाही! त्यांनी वही घेतली आणि ‘शिरड शहापूर: काय पाहाल, काय कराल’ लिहायला बसले. अजून लिहितायत. संध्याकाळी पारावर तिचं वाचन असतं.

मल्लिनाथांच्या मंदिराची सहल सोपी, एक माणूस. औंढ्याचा नागनाथ मात्र त्यांनी मध्यम ठरवला, कारण गाभारा जमिनीखाली. अरुंद वाटेनं वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. ‘पोट पुढं असलेल्यांनी आपल्या जबाबदारीवर’ अशी टीपही दिलीय. नामदेवांना देवळामागं कीर्तन करायला लावलं तेव्हा देऊळच फिरलं आणि नंदी मागं राहिला, ही कथा सांगायला अर्धा तास धरलाय, प्रश्नोत्तरांसह. हिवाळा सरता सरता हळद शिजवायचा कार्यक्रम. शिवारात कढया लागलेल्या, वाफ, अंगणभर वाळत घातलेली हळद, आणि वसमतच्या मोंढ्यात बोली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं या सहलीचे डॉलर गुरुजींनी लगेच वाढवले. पाहुण्यांना कपडे पिवळे झाल्यास तक्रार करता येणार नाही. सिद्धेश्वर धरणाच्या नोंदीत त्यांनी लिहिलंय: ‘पाणी असल्यास.’ यावर काही जणांचा आक्षेप आहे, पण गुरुजी खोटं छापायला तयार नाहीत.

मध्येच २०२४ चा जून आला. बार्बाडोसला आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, आणि बेरिल चक्रीवादळामुळं विमानतळ बंद होऊन अख्खा संघ तिथंच हॉटेलात अडकून पडला. देश काळजीत होता. गुरुजी पारावर म्हणाले, “समुद्र, वारा, हॉटेल, बसून खाणं. लोक याचेच पैसे भरतात. यांना फुकटात घडलं तर कुरकुर कामून?”

वहीतली शेवटची सहल सगळ्यात वादाची आहे. तिचं नाव ‘लाटा’. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात ‘लायगो’ वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटर लांब दोन भुजा काटकोनात, आत लेझर, आणि विश्वात कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की येणाऱ्या गुरुत्वीय लाटा पकडायच्या. अमेरिकेतल्या तसल्याच यंत्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये पहिली लाट टिपली. ती सव्वाएक अब्ज वर्षांहून जास्त काळ प्रवास करून आली होती. अशा कामाला निवांत जागा लागते: जमीन शांत, गडबड कमी, समुद्र लांब. शास्त्रज्ञांनी देशभर जागा धुंडाळल्या आणि आमचा तालुका निवडला. रिसॉर्टवाले ‘शांतता’ म्हणून जे विकतात, त्याचं एवढं कडक परीक्षण जगात कुठल्या बेटाचं झालं नसेल. आमच्याकडं काही घडत नाही, याला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली. (पुढच्या वर्षी जुलैत सकाळी सकाळी जिल्ह्यात साडेचार रिश्टरचा धक्का बसला, भांडी वाजली. गुरुजी ते ‘जादा आकर्षण’ या सदरात टाकणार होते, काकूंनी खोडायला लावलं.)

“म्हंजी लाटा आपल्याकडंबी येणार?” पारावर एकानं विचारलं.

“येतातच. यंत्र झालं की कळतील.”

“केवढाल्या?”

गुरुजींनी सांगितलं, की चार किलोमीटरच्या नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा फरक पडतो.

पार गप्प झाला. मग सरपंचांचे काका म्हणाले, “दिसत नाही, ऐकू येत नाही, अंग भिजत नाही. बगायला आलेल्या पावण्यानं करायचं काय?”

गुरुजींनी थोडा विचार केला. मग त्या सहलीपुढं काढलेला चालणारा माणूस रबरानं खोडला आणि तिथं एक बसलेला माणूस काढला.